सायकलीसाठी रस्ता कोणी राखायचा?

तुळजापूरहून औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडकडे आणि तेथून पुढे नागपूरच्या दिशेने जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला, तेव्हा लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना समाधान वाटले. ते स्वाभाविकच होते. ज्या प्रदेशात आजारी माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना निम्मा जीव रस्त्यातच जात असे, तेथे चांगल्या रस्त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. सोयाबीन, तूर व ऊस वाहून नेणाऱ्या वाहनांचा वेळ वाचला, मोंढे एकमेकांच्या जवळ आले, दवाखाने आटोक्यात आले. रस्त्यांच्या रुंदीकरणाला विरोध करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

परंतु कोणत्याही हिशेबाला जमा आणि खर्च अशा दोन बाजू असतात. रुंद रस्त्याच्या जमेची बाजू आपण अभिमानाने मांडतो. खर्चाच्या बाजूला मात्र जमीन, खडी, डांबर आणि सिमेंट एवढीच कलमे लिहिली जातात. या रस्त्यावरून पूर्वी जे सायकलीने, बैलगाडीने अथवा पायी जात होते, त्यांचे काय झाले, हे कलम त्या वहीत कोठेच आढळत नाही. वेगाने धावणारी मोटार आणि सायकल एका पट्ट्यावर नांदू शकत नाहीत. दोघांपैकी एकाला बाजूला व्हावे लागते, आणि कोणाला व्हावे लागते हे सांगण्याची गरज नाही. मोटारवाल्याच्या सोयीची किंमत सायकलवाला मोजतो, पण त्या किमतीची पावती कोणी फाडत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, असा त्याचा साधा अर्थ.

२०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली होती. मोटार, जीप अथवा व्हॅन असलेली कुटुंबे पाच टक्क्यांहूनही कमी होती. त्यानंतर दुचाकी व मोटारी वाढल्या, हे खरे. तथापि त्या पाच टक्क्यांसाठी रस्ते आखावेत आणि पंचेचाळीस टक्क्यांनी त्यांच्या कडेने जीव मुठीत धरून जावे, अशी व्यवस्था आपण त्याआधीपासूनच मान्य करून टाकली होती. म्हणून प्रश्न असा आहे की, सगळे रस्ते वेगाला देऊन टाकल्यानंतर काही थोड्या वाटा संथ माणसांसाठी राखून ठेवता येतील की नाही?

फ्रान्सने काय केले?

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असे नाही. मोटारींचा सुळसुळाट झालेल्या फ्रान्सलाही तो पडला, आणि त्याने शोधलेले उत्तर आपण लक्षपूर्वक पाहावे असे आहे. त्या देशाच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा डोंगराळ प्रांत आहे. द्राक्षांचे मळे आणि त्यांपासून होणारी वाइन यांसाठी तो जगभर प्रसिद्ध आहे. तेथे जिव्री ते क्लुनी या दोन गावांमधील एक जुनी रेल्वे बंद पडली होती. रूळ निघाले, स्थानके ओस पडली, मार्गावर झुडपे माजली. अशा बंद मार्गाची जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकावी, असे कोणाही हिशेबी कारभाऱ्याला वाटले असते. तेथील जिल्हा प्रशासनाने ती जमीन अखंड राखली, तिच्यावर गुळगुळीत पृष्ठभाग केला, आणि १९९७ मध्ये पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी तो मार्ग खुला केला. मोटारींना त्यावर मज्जाव आहे. फ्रान्समध्ये अशा मार्गाला ‘हरित मार्ग’ म्हणतात. जिव्री-क्लुनी हा त्या देशातील या प्रकारचा पहिला मार्ग समजला जातो. पुढे २००४ मध्ये फ्रान्सच्या वाहतूक संहितेत अशा मार्गांची स्वतंत्र व्याख्याच समाविष्ट करण्यात आली.

यातील मर्म असे की, रेल्वेचा मार्ग आखणारा अभियंता चढ टाळतो. डोंगराळ मुलुखातही तो वळसे घेत घेत, अगदी हलक्या चढाने गाडी वर नेतो. त्यामुळे रेल्वे गेली तरी तिने मागे ठेवलेली वाट ही सायकलीसाठी जणू मुद्दाम आखल्यासारखी असते. साठी उलटलेला मनुष्य आणि आठ वर्षांचे मूल दोघेही तीवरून डोंगर पार करू शकतात.

त्याच प्रांतात बोन या शहरापासून सांतने या गावापर्यंत दुसरा एक मार्ग द्राक्षमळ्यांतून जातो. त्यासाठी नवी जमीन संपादन करून रस्ता बांधण्याचा खटाटोप फारसा करावा लागला नाही. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर मळ्यात जाण्यासाठी ज्या चिंचोळ्या वाटा होत्या, त्याच एकमेकींना जोडल्या गेल्या, त्यांवर दिशादर्शक पाट्या लावल्या गेल्या, आणि पोमार, व्होलने, मर्सो अशी द्राक्षांसाठी नावाजलेली गावे एका सूत्रात ओवली गेली. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आजही तेथून जातो आणि सायकलस्वार त्याला वाट देतो. कामाची वाट आणि प्रवासाची वाट एकच ठेवण्यात त्यांना अडचण वाटली नाही.

आमच्या वाटा

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्यात द्राक्षांचा तसा मुलूख नाही. औशाच्या परिसरात द्राक्षबागा आहेत, पण त्या बर्गंडीशी तुलना करण्याजोग्या नाहीत. परंतु बंद पडलेली छोटी रेल्वे, शेतात जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा आणि उंचसखल डोंगराळ प्रदेश, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी १९११ मध्ये लातूरला पोहोचली. लातूरची बाजारपेठ जी नावारूपाला आली, तिच्यात या चिमुकल्या गाडीचा वाटा मोठा आहे. बालाघाटाच्या डोंगरांतून वळणे घेत, येडशीवरून ती लातूरकडे येत असे. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, आणि २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी या टप्प्याचे रुंद मापात रूपांतर पूर्ण झाले. ते होणे अवश्यच होते. २०१६ च्या भीषण टंचाईत मिरजेहून पाण्याच्या वाघिणी लातूरला आल्या त्या या नव्या रुळांवरूनच, ही गोष्ट लातूरकर विसरणार नाही. परंतु रुंदीकरणात धाराशिव शहराला जोडण्यासाठी मार्ग वळवण्यात आला. अशा प्रकारे नवा मार्ग जेथे जुन्यापासून दूर गेला, तेथे जुन्या गाडीच्या मातीच्या भरावाचे आणि मोऱ्यांचे पुढे काय करावयाचे, याचा सार्वजनिक विचार झाल्याचे दिसत नाही. रेल्वेची जमीन एकदा तुकड्यांनी गेली की ती पुन्हा सलग मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी डोंगर फोडून आखलेला सौम्य चढाचा मार्ग नव्याने तयार करू म्हटले, तर त्याचा खर्च आज कोणत्याही जिल्हा परिषदेला परवडणार नाही.

रेल्वेची जुनी वाट ही एक गोष्ट झाली. तिच्याहून कितीतरी मोठी संपत्ती प्रत्येक गावाच्या नकाशावर आहे. गावनकाशा उघडून पाहिला तर दुहेरी तुटक रेषांनी गाडीरस्ते आणि एकेरी तुटक रेषांनी पायवाटा दाखवलेल्या असतात. याच आपल्या पाणंदी आणि शिवरस्ते. यांपैकी कित्येक आज नकाशावरच उरले आहेत. प्रत्यक्षात त्यांवर दोन्ही बाजूंनी नांगर फिरला आहे. वहिवाटीच्या वाटेतील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिला आहे, आणि बांधावरून वाट देण्याची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने रोजगार हमीच्या जोडीने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. म्हणजे कायदाही आहे आणि योजनाही आहेत. उणीव आहे ती दृष्टीची. पाणंद म्हणजे केवळ एका शेतातून ऊस बाहेर काढण्याची सोय, एवढाच विचार आपण करतो. दहा गावांच्या पाणंदी जोडल्या तर एक तालुका मोटारींच्या गर्दीशिवाय पार करता येईल, हा विचार आपल्या नियोजनात अजून आलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी हातांनी खडी फोडली आणि मुरूम टाकला. त्या कामांतून कितीतरी गावांना पहिला रस्ता मिळाला. आजच्या पिढीला ते रस्ते अरुंद वाटतात. परंतु जे रस्ते मोटारीला अपुरे, ते सायकलीला पुरेसे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे मूल्य वेगळ्या दृष्टीने दिसू लागते.

काय पाहावे, काय घ्यावे?

येथे पाहण्याजोगे आहे तरी काय, असा प्रश्न आपलेच लोक विचारतात. लोह्याहून महामार्ग सोडून कंधारला यावे. पाण्याच्या खंदकाने वेढलेला, राष्ट्रकूटांची परंपरा सांगणारा किल्ला येथे आहे. तेथून मन्याड नदीवरील बारूळच्या धरणाकडे जावे, मुखेडचे प्राचीन मंदिर पाहावे, आणि जळकोटच्या डोंगराळ मुलुखातून उदगीरला पोहोचावे. १७६० मध्ये मराठ्यांनी निजामावर विजय मिळवला तो याच उदगीरजवळ. पुढे देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. चाकूर तालुक्यात वनौषधींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथचे बेट आहे. औसा तालुक्यात खरोशाची जांभ्या खडकातील लेणी आहेत. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घोडे, गाढवे आणि उंट यांचा बाजार पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. भाद्रपदापासून पौषापर्यंत हा सारा प्रदेश हिरवा, थंड आणि डोळ्यांना सुखावणारा असतो. त्या काळात माळावरची सीताफळे पिकतात आणि करडई, ज्वारी व तूर शेतात उभी असते.

बर्गंडीतील शेतकरी आपले उत्पादन विकताना जमिनीचे नाव विकतो. तेथे एकेका वावराला स्वतंत्र नाव आहे, आणि त्या नावानिशी किंमत ठरते. या नामांकित वावरांचा २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. आपल्या शेतकऱ्यालाही वावराला नाव देण्याची सवय आहे. आंब्याचे, लिंबाचे, माळावरचे, ओढ्याकाठचे अशी नावे प्रत्येक घरात बोलली जातात. पण ती बांधापलीकडे जात नाहीत. या दिशेने एक पाऊल मात्र पडले आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि काष्टी कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन कागदावर राहिले तर शेतकऱ्याच्या पदरात काही पडणार नाही. ज्याने पानचिंचोलीची चिंचेची झाडे पाहिली आणि त्या गावच्या घरात बोरसुरीच्या डाळीचे वरण खाल्ले, तो ग्राहक पुढे ती डाळ नाव घेऊन मागेल. असा ग्राहक मोटारीच्या काचेतून तयार होत नाही. नांदेडहून लातूरला मोटारीने निघालेला मनुष्य तीनएक तासांत पोहोचतो आणि वाटेत फार तर एका धाब्यावर थांबतो. तेच अंतर आडवाटेने सायकलीवरून जाणाऱ्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याला पाणी लागते, चहा लागतो, दोन वेळचे जेवण आणि रात्रीचा निवारा लागतो. पंक्चर काढणारा लागतो. हा पैसा मोठ्या कंपनीकडे न जाता ज्या गावात तो थांबतो तेथेच राहतो, आणि तेथे हातोहात फिरतो. संथ प्रवासी हा दर किलोमीटरमागे अधिक खर्च करणारा प्रवासी असतो, ही गोष्ट बर्गंडीतील खेड्यांनी ओळखली.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला देशविदेशांतून यात्रेकरू येतात. त्यांतील बहुतेक जण दर्शन घेऊन त्याच गाडीने परततात. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी गोदावरीकाठच्या विष्णुपुरीपर्यंत किंवा कंधारपर्यंत एखादी शांत वाट धरली, तरी जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला त्यांची ओळख होईल. आज त्यांना तशी वाट दाखवणारी एक पाटीही नाही.

खरा प्रवासी कोण?

तथापि केवळ पर्यटकांसाठी या वाटा मागावयाच्या असत्या, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. मराठवाड्यात सायकलीवरून रोज सर्वाधिक निकडीने प्रवास कोण करते? शाळेत जाणारी मुलगी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्यात येत आले आहे. शासनाच्या अत्यंत उपयुक्त योजनांपैकी ही एक होय. ज्या गावात सातवीपुढे शाळा नाही, तेथील मुलीचे शिक्षण आणि तिचे लग्न यांच्यामध्ये पुष्कळदा चार-पाच किलोमीटरचे अंतर आणि एक सायकल एवढेच उभे असते. परंतु एका खात्याने सायकल द्यावी आणि दुसऱ्या खात्याने ती चालवण्याजोगा रस्ता काढून घ्यावा, असा विसंगत कारभार आपण करीत आहोत. गळिताच्या हंगामात दुहेरी ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, भरधाव टिप्पर आणि मागून येणारे कर्णकर्कश हॉर्न यांच्यामधून पहाटे अथवा सायंकाळी सायकल चालवणाऱ्या मुलीच्या बापाला काय वाटत असेल, याची कल्पना ग्रामीण भागातील प्रत्येक शिक्षकाला आहे. एखाद्या अपघातानंतर त्या वाटेवरच्या इतर मुलींची शाळा सुटते. रस्ता-अपघातांच्या आकडेवारीत ही हानी दिसत नाही, कारण या मुलींना इजा झालेली नसते. त्यांचे शिक्षण तेवढे थांबलेले असते.

म्हणून शांत वाटांचा पहिला निकष शाळा हा असावा. ज्या वाटेने मुलगी निर्धास्तपणे शाळेत जाऊ शकते, त्याच वाटेने पाहुणाही निर्धास्तपणे फिरू शकतो. पाहुण्यामुळे त्या वाटेवर चहाची टपरी निघेल, वर्दळ राहील, झाडे जगतील. आणि ती वर्दळ मुलीच्या सोबतीलाही येईल. ही दोन प्रयोजने परस्परांना पूरक आहेत.

काही आक्षेप

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील काही रास्त आहेत. पहिला आक्षेप उन्हाचा. मार्च ते जून या काळात मराठवाड्यात दुपारी सायकल चालवणे हे साहस ठरेल, यात शंका नाही. परंतु बर्गंडीतही हिवाळ्यात हौशी प्रवासी फिरकत नाहीत. म्हणून तेथील वाटा निरुपयोगी ठरल्या नाहीत. वर्षातील पाच-सहा महिन्यांचा हंगाम हा कोणत्याही पूरक व्यवसायाला पुरेसा असतो. शिवाय वाटेच्या दुतर्फा कडुनिंब, चिंच आणि वड लावले, तर पंधरा वर्षांनी हा आक्षेप निम्मा उरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाणंद पक्की केली की चार दिवसांत तिच्यावरून जीपगाड्या आणि वाळूचे टिप्पर धावू लागतील, आणि तिची शांतता संपेल. ही भीती खरी आहे. म्हणूनच नियम वाटेबरोबरच आला पाहिजे. शेतकऱ्याची बैलगाडी, त्याचा ट्रॅक्टर आणि आजाऱ्याला नेणारे वाहन यांना मुभा. आरपार जाणाऱ्या मोटारीला बंदी. त्यासाठी प्रवेशाच्या जागी दगडी खांब, मधोमध कुलूपबंद आडकाठी आणि ग्रामपंचायतीकडे तिची किल्ली, एवढी व्यवस्था पुरे. ग्रामसभेने तसा ठराव केला तर गाव स्वतःच पहारा ठेवील.

तिसरा आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण तो मनात असतो. सायकल हे गरिबाचे वाहन. मोटारसायकल घेण्याची ऐपत आली की ते सोडून द्यायचे, असा आपला समज आहे. एके काळी नांदेड-लातुरात प्राध्यापक, वकील आणि कारकून एकाच स्टँडवर सायकली लावीत, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. हल्ली मोठ्या शहरांतील डॉक्टर व अभियंते महागड्या सायकली घेऊन पंढरीची सायकलवारी करू लागले आहेत. त्यामुळे हा समज हळूहळू ओसरेलही. परंतु प्रतिष्ठा येण्याची वाट पाहत बसलो, तर तोपर्यंत वाटा उरणार नाहीत.

कोठून आरंभ करावा?

मोठ्या योजनेची मागणी करण्यात अर्थ नाही. मोठ्या योजना अंदाजपत्रकात जन्मतात आणि तेथेच राहतात. लातूर व नांदेड या दोन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी प्रत्येकी एक तालुका निवडावा. कंधार आणि निलंगा ही नावे सुचवता येतील. पहिल्यात किल्ला व धरण आहे, दुसऱ्यात पानचिंचोली आणि बोरसुरी ही मानांकनाची गावे आहेत. तालुक्याच्या गावनकाशांवरून सर्व पाणंदी, शिवरस्ते व कालव्यांच्या कडेच्या वाटा एका कागदावर उतरवाव्यात. हे काम महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी एका हिवाळी शिबिरात करू शकतील. नंतर ज्या वाटा माध्यमिक शाळेला जोडतात, त्या प्रथम मोकळ्या कराव्यात. मुरूम, मोऱ्या आणि झाडे रोजगार हमीच्या कामांतून होण्याजोगी आहेत. गावांची नावे व अंतरे लिहिलेल्या पाट्या लावाव्यात. या सर्वांचा खर्च महामार्गावरील एका लहान उड्डाणपुलाच्या खर्चाशी तुलना करण्याइतकाही होणार नाही.

बार्शी लाइट रेल्वेच्या सोडून दिलेल्या मार्गाची मोजणी धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांच्या महसूल खात्यांनी रेल्वेसमवेत करावी, आणि ती होईपर्यंत त्यातील एक गुंठाही कोणाला देऊ नये. मोजणीअंती काही पट्टा सलग मिळाला, तर महाराष्ट्रातील पहिला हरित मार्ग बालाघाटाच्या डोंगरात होऊ शकेल. नाहीच मिळाला, तर निदान काय गमावले याची नोंद सरकारी दप्तरात राहील.

महामार्ग पूर्ण झाल्याचा आनंद आपण साजरा केला. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सायकल मिळालेल्या मुली नव्या महामार्गाच्या कडेने जाणार की गावच्या पाणंदीने, हे ठरवण्यासाठी अद्याप वेळ आहे. हा विषय जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेवर आणण्याचे काम कोणा एका लोकप्रतिनिधीने केले, तरी या लेखाचा हेतू सफल होईल.